फ्रीमेसन लॉजचा पदग्रहण समारंभ : पाहुण्यांच्या खुर्चीतून

फ्रीमेसनरी ही पुरुषांची एक जुनी, बंधुभावाची संघटना आणि लॉज म्हणजे तिची शाखा. फ्रीमेसन लॉजच्या सभासदांच्या घरच्या मंडळींना लॉजचे निमंत्रण वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळीच येते. त्यांतले मानाचे निमंत्रण नव्या मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, पदग्रहणाचे. सभासद त्याला सरसकट ‘इन्स्टॉलेशन’ म्हणतात. माझे धाकटे दीर यंदा त्यांच्या लॉजचे मास्टर झाले आणि सासूबाई, धाकट्या जाऊबाई, माझे पती व मी असे चौघे जण त्या संध्याकाळी फोर्टात हजर झालो. लॉजचे नाव मी येथे देणार नाही. असे निमंत्रण हाती आले आहे, पण तेथे आपल्या वाट्याला नक्की काय येणार याची कल्पना नाही, अशा कुटुंबांसाठी हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरची वेळ ही सभासदांची वेळ असते. कार्यक्रमाचे दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष पदग्रहण. तो बंद दाराआड होतो आणि जो फ्रीमेसन नाही त्याला, मग तो नव्या मास्टरचा सख्खा भाऊ असला तरी, आत प्रवेश नसतो. त्यातही एक टप्पा असा येतो की साध्या सभासदांनाही बाहेर यावे लागते आणि आत केवळ आजीमाजी मास्टर उरतात. दुसरा भाग म्हणजे भोजन. आम्ही वेळेवर पोहोचलो आणि त्यामुळे दोन तासांहून अधिक काळ शेजारच्या दालनात बसून राहिलो. चहा उत्तम होता, सँडविच ताजी होती, खुर्च्या आरामशीर होत्या. मात्र आत आता काय चालले आहे, किती वेळ लागेल, मधल्या वेळात इमारत पाहता येईल का, हे सांगायला यजमानांपैकी कोणीही बाहेर नव्हते, कारण सगळे यजमान आत होते. अनुभवी कुटुंबे हे ओळखून उशिराच आली. ज्या संस्थेत प्रत्येक पावलाचा आणि प्रत्येक वाक्याचा क्रम ठरलेला असतो, तिने पाहुण्यांच्या दोन तासांचा मात्र काहीच विचार केलेला नसावा, हे मला खटकले.

त्या प्रतीक्षेत आमचा खरा सोबती ठरला तो टायलर. टायलर म्हणजे लॉजच्या दाराबाहेर उघडी तलवार घेऊन पहारा देणारा पदाधिकारी. फ्रीमेसन लॉजमध्ये तलवार असते ही ऐकीव गोष्ट सासूबाईंना अर्धवट ठाऊक होती, त्यामुळे प्रत्यक्ष तलवारीपेक्षा ती धरणारे सत्तरीचे, अत्यंत मृदुभाषी गृहस्थ पाहून त्यांची थोडी निराशाच झाली. उशिरा आलेल्या सभासदाचा पेहराव तपासणे, ठरावीक ठोके देऊन आतल्या इनर गार्डला वर्दी देणे आणि परवानगी आल्यावरच त्याला आत सोडणे ही त्यांची कामे. गडद सूट, काळा टाय, पांढरे हातमोजे आणि कमरेला ॲप्रन हा येणाऱ्या प्रत्येकाचा वेश होता. “सुटाबुटावर हे स्वयंपाकघरातलं कशाला बांधलंय?” असे सासूबाईंनी विचारलेच. टायलरसाहेब मनापासून हसले आणि त्यांनी सगळी उकल केली : या संघटनेने आपली सारी चिन्हे युरोपातल्या पाथरवट-गवंड्यांकडून घेतली, गुण्या, कंपास, ओळंबा ही त्यांचीच हत्यारे, आणि ॲप्रनही त्यांचाच. साधा पांढरा ॲप्रन असेल तर मनुष्य नवखा समजावा. त्यावर दोन निळी फुले आली की दुसरी पायरी. फिकट निळी किनार आणि तीन फुले म्हणजे तिसरी, मास्टर मेसनची पायरी. आणि फुलांच्या जागी उलट्या ‘टी’ अक्षरासारखी धातूची चिन्हे दिसली तर तो मनुष्य मास्टरच्या आसनावर बसून आलेला आहे. ही इंग्रजी परंपरा. स्कॉटिश परंपरेतल्या लॉज आपापला रंग निवडतात, म्हणून पाहुण्या सभासदांत निराळ्या रंगांचे ॲप्रनही दिसले. १९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही भारतातील लॉजसाठी शिखर संस्था स्थापन झाली तरी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रँड लॉजशी नाते राखून असलेल्या जुन्या लॉज आपल्याकडे आजही आहेत, आणि त्या एकमेकींच्या समारंभांना अगत्याने जातात. एवढी माहिती एखाद्या छापील कागदावर पाहुण्यांच्या हाती दिली असती तर टायलरसाहेबांच्या घशाला इतका त्रास झाला नसता.

दार आणि प्रवेश यांचा विषय निघाला की मुंबईच्या फ्रीमेसनांना पारशी समाजसुधारक माणेकजी करसेटजींचे नाव घ्यावेच लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील लॉज युरोपियनांच्या होत्या. माणेकजींना मुंबईत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. सभासद होऊन परतलेल्या माणसालाही येथे सहजासहजी सामावून घेतले जाईना. अखेर स्कॉटिश डॉक्टर आणि फ्रीमेसन जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुद्दाम भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून स्थापन झाली, आणि ती आजही चालू आहे. पुढे प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेदजी कामा यांच्यासारखी माणसे याच वाटेने आली. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी अलेक्झांड्रा शाळा काढली, तीही फोर्टातच. वर्णाचा अडसर दूर करायला या संघटनेला माणेकजी भेटले. स्त्रियांचा अडसर मात्र त्यांच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलींच्या पिढ्यान्‌पिढ्या उलटल्या तरी जागच्या जागी आहे. स्त्री-पुरुष दोघांनाही घेणारी ‘को-मेसनरी’ ॲनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणली, पण या मुख्य प्रवाहातल्या लॉज तिला मान्यता देत नाहीत. भावोजींना मी हे विचारले तेव्हा त्यांनी “वहिनी, नियम फार जुना आहे” एवढेच उत्तर दिले. नियम जुना आहे हे मलाही माहीत होते.

अंतर्गत कामकाज संपून लॉज रीतसर बंद झाल्यावर आम्हाला मुख्य दालन दाखवण्यात आले, आणि येथून पुढे संध्याकाळ खुलत गेली. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला मास्टरचे उंच आसन, पश्चिमेला सीनियर वॉर्डन आणि दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन या त्याच्या दोन सहायक पदाधिकाऱ्यांची आसने. उत्तरेला मात्र असे मुख्य आसन नाही. सूर्य जेथे उगवतो, माथ्यावर येतो आणि मावळतो त्या तीन दिशांना तिघे प्रमुख बसतात, हे भावोजींनी सांगितल्यावर सासूबाई प्रथमच समाधानाने मान डोलावत्या झाल्या. पूर्वेचा मान त्यांना समजावून सांगावा लागला नाही. दोन्ही वॉर्डनांच्या पुढ्यात एकेक छोटा लाकडी स्तंभ असतो. लॉज चालू असताना सीनियरचा स्तंभ उभा आणि ज्युनियरचा आडवा, आणि कामकाज थांबले की याच्या उलट. आम्ही शिरलो तेव्हा ज्युनियरचा उभा होता, म्हणजे आता मोकळेपणाने बोलायला हरकत नव्हती. एक ओबडधोबड दगड आणि एक घडवून गुळगुळीत केलेला दगड असे दोन नमुनेही मांडलेले होते. माणसाने पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचे, असा त्यांचा अर्थ. सगळ्यांत जास्त वेळ मी रेंगाळले ती धर्मग्रंथांपाशी. भगवद्गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ एकत्र ठेवलेले होते, कारण प्रत्येकाने शपथ घ्यायची ती आपापल्या ग्रंथावर. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते. हल्ली कोणत्याही कौटुंबिक जेवणात ही मनाई लागू करता आली तर मी तिचे स्वागतच करीन.

सोहळ्यातील सगळी भाषणे पाठ म्हणायची असतात, हातात कागद चालत नाही. भावोजी गेले कित्येक महिने पार्ल्याच्या घराच्या गॅलरीत येरझारा घालत जुन्या वळणाची इंग्रजी वाक्ये पुटपुटत होते, आणि शेजाऱ्यांचा समज असा झाला होता की ते एखाद्या खटल्याची तयारी करीत आहेत. संगीत नाटकाच्या विंगेत प्रॉम्प्टर उभा असावा तसा लॉजमध्येही अडखळणाऱ्याला शब्द पुरवणारा एक जाणता सभासद असतो. मास्टरची मुदत फक्त एक वर्षाची. वर्ष संपले की तो माजी मास्टर होतो आणि आसन पुढच्याला देतो; पुष्कळ सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या अध्यक्षांनी हा भाग अवश्य अभ्यासावा.

भोजनाला जवळजवळ शंभर माणसे होती. मांसाहारी बेत पारशी पद्धतीचा होता : पात्रानी मच्छी, सली बोटी आणि शेवटी लगननू कस्टर्ड. पात्रानी मच्छीची चटणी ताजी आणि पान उलगडताच वास दरवळावा अशी, तर कस्टर्ड वरून नीट करपवलेले. या दोन पदार्थांसाठी त्या केटररला पूर्ण गुण द्यायला हवेत. शाकाहाराची मात्र उपेक्षा झाली होती. पनीरची लाल रस्सा-भाजी, कोमट पुलाव आणि काकडीचे काप एवढ्यावर सासूबाईंची बोळवण झाली, आणि त्यांच्यासारख्या आणखी दहा-पंधरा जणांची. मुंबईच्या लॉजमध्ये आज गुजराती, मारवाडी, जैन आणि मराठी शाकाहारी सभासद आहेत हे लक्षात घेता ही ढिलाई समजण्यासारखी नाही.

जेवणातही शिस्त असते. मास्टरने हातोडीचा ठोका दिला की गप्पा थांबतात, कोणीतरी उठतो, टोस्ट, म्हणजे पेला उंचावून शुभेच्छा, होतो आणि पुन्हा गप्पा सुरू होतात. ग्रँड मास्टरपासून नव्या मास्टरपर्यंत क्रम ठरलेला. त्यांतला एक टोस्ट मला फार आवडला : रात्री बरोबर नऊ वाजता, घड्याळाचे काटे गुण्यासारखे काटकोनात आले की, गैरहजर बंधूंची आठवण म्हणून पेले उंचावले जातात. शेवटचा टोस्ट टायलरचा. आमच्या त्याच टायलरसाहेबांनी उभे राहून जगात कोठेही, जमिनीवर वा पाण्यावर, हालअपेष्टांत असलेल्या फ्रीमेसनांना लवकर दिलासा मिळो आणि त्यांची इच्छा असेल तर ते मायदेशी सुखरूप परतोत, अशा अर्थाचे शब्द उच्चारले, तेव्हा दुपारपासून उभ्या असलेल्या त्या माणसाचा आवाज जराही थकलेला नव्हता. स्त्रियांच्या नावाचाही एक टोस्ट झाला. त्यात आमच्या सहनशीलतेचे फार कौतुक करण्यात आले. दोन तास बाहेर बसवून ठेवल्यानंतर ते कौतुक ऐकताना धाकट्या जाऊबाईंनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्याचे वर्णन येथे न केलेले बरे.

समारंभातून व्यवसायाच्या ओळखी होतील या आशेने कोणी सभासद होण्याचा विचार करीत असेल तर त्याने तो सोडून द्यावा. व्हिजिटिंग कार्डांची देवघेव मला कोठेही दिसली नाही आणि ती शिष्टसंमत समजली जात नाही असे यजमानांच्या बोलण्यातून जाणवले. दर बैठकीत दानाची पिशवी फिरते, दिवंगत सभासदांच्या पत्नींची विचारपूस करण्यासाठी आल्मनर नावाचा स्वतंत्र पदाधिकारी असतो. भावोजींच्या लॉजमधील एका वृद्ध विधवा बाई त्या रात्री मुख्य टेबलाजवळ बसल्या होत्या, आणि प्रत्येक जण आवर्जून त्यांच्यापाशी जाऊन बोलत होता. रहस्याच्या गप्पांपेक्षा ही रीत मला मोलाची वाटली.

पुढच्या वर्षी निमंत्रण आल्यास मी जाईन, मात्र पत्रिकेवरच्या वेळेला दोन तास जोडून. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट या दोन्ही स्थानकांवरून फोर्टात चालत येता येते. गाडी आणणाऱ्याने संध्याकाळी तेथे जागा मिळण्याची आशा धरू नये. घरातले कोणी शाकाहारी असल्यास सभासदाने केटररला आठवडाभर आधी स्वतः सांगावे, आणि टायलरच्या टोस्टपर्यंत थांबायचे असेल तर परतीच्या लोकलचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे, कारण त्या टोस्टच्या आधी उठून जाणे यजमानांना आवडत नाही.