मुंबईत रोजच्या वापराला स्टँडर्ड हेराल्ड: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

हेराल्ड मुंबईत रोज चालते का? चालते. पण या गाडीत जे डोळ्यांना दिसतं ते सहज दुरुस्त होतं आणि जे दिसत नाही तेच घात करतं. म्हणून खालचा बराचसा मजकूर गाडीच्या पोटाखालचा आहे.

मूळची ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड १९५९ची, डिझाइन जोवान्नी मिकेलोत्ती यांचं. १९६१पासून ती मद्रासमध्ये स्टँडर्ड नावाने तयार होऊ लागली, ९४८ सीसीच्या इंजिनावर; पुढे आलेली चार दारांची हेराल्ड तर फक्त आपल्याकडेच निघाली. त्या काळात इतर गाड्या मोनोकॉक, म्हणजे चासी आणि बॉडी एकसंध अशा, होत होत्या. हिला मात्र वेगळी चासी मिळाली, कारण अखंड बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ताब्यात गेला होता. कंपनीची ती अडचण आज आपल्या पथ्यावर पडते. बॉडी तुकड्यातुकड्यांनी चासीवर बोल्ट केलेली असल्याने एखादा भाग सुटा काढून पत्र्याचं काम करता येतं. बॉनेटच्या दोन बाजूंच्या खिट्ट्या सोडल्या की मडगार्डांसकट सगळं नाक पुढे उलटतं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम होतं. फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढे मीटरभर जागा मोकळी हवी, नाहीतर साधं तेल तपासायला गाडी बाहेर काढावी लागते.

आधी या गाडीचं खरं सुख सांगतो. हेराल्ड सुमारे ७.६ मीटरच्या वर्तुळात वळते, म्हणजे टर्निंग रेडियस ३.८ मीटर. आजच्या लहान हॅचबॅकचा तो साडेचार मीटर किंवा त्याहून जास्तच असतो. गिरगावातल्या वाड्या किंवा दादरच्या भाजी मार्केटमागच्या गल्ल्या, जिथे नवी गाडी तीनदा मागे-पुढे करते, तिथे ही एका दमात फिरते. पॉवर स्टिअरिंगची आठवणसुद्धा येत नाही.

हे सुख ज्या पुढच्या सस्पेन्शनमुळे मिळतं, त्यातच पहिला धोका आहे. पुढच्या उभ्या लिंकचं खालचं टोक पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या खोबणीत, आट्यांवर बसतं आणि स्टिअरिंग फिरवलं की त्याच आट्यांवर फिरतं. इथे ग्रीस घालायचं नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आत घट्ट होऊन बसतं, पाणी शिरतं, लोखंडी लिंक आट्यांपाशी गंजते आणि एक दिवस तुटते. तुटली की चाक आडवं पडतं, तेही बहुधा कमी वेगात पूर्ण वळवताना. त्यातल्या त्यात हेच नशीब. गॅरेजमध्ये ‘सगळीकडे ग्रीस मारून दे’ म्हणालात की पोरगा इथेही ग्रीसच मारणार, त्यामुळे हे काम स्वतः करा किंवा समोर उभं राहून करून घ्या. एक वेगळी ग्रीसगन फक्त तेलासाठी ठेवा. चाक जॅकवर उचला, ट्रनियनचा प्लग काढून निपल लावा आणि वरच्या सीलकडून तेल पाझरेपर्यंत पंप करा. पावसाळ्यात दर १,५०० किलोमीटरला, एरवी ३,००० पुरतात. गाडी घेताना लिंक पूर्ण उघडून आटे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलली जाते आणि तो दाब या अर्ध्या चकत्या झेलतात. सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची मुंबईकरांची सवय त्यांना लवकर खाते. एकाला क्लच दाबायला लावून पुढून पुली पाहा. ती मागेपुढे हलताना स्पष्ट दिसली तर काम आलंच. मोकळीक ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी. झिजलेली चकती संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पडली तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात, म्हणून वेळेवर बदललेलं स्वस्त. इंजिन उतरवावं लागत नाही, संप आणि मागची मेन बेअरिंग कॅप काढून चकत्या बदलतात. सिग्नलला न्यूट्रल, एवढं पाळलं तरी पुरे.

मेपर्यंत तापमानाची कटकट राहते. रेडिएटरचा नवा कोअर (आतली जाळी) टाकण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे आडोसे आहेत का ते पाहा. बहुतेक गाड्यांत ते कधीच गायब झालेले असतात आणि हवा रेडिएटरला वळसा घालून जाते. जाड पुठ्ठ्याचे केले तरी फरक पडतो. ब्लॉकच्या ड्रेनमधून पाणी धारेने आलं पाहिजे, थेंब थेंब आलं तर मागच्या सिलिंडरभोवती गाळ साचलाय. तो तारेने उकरून उलट्या दिशेने फ्लश करा.

त्यानंतरच इलेक्ट्रिक फॅनचा विचार, कारण इथे गाडीची वीज बनवणारा डायनामो आडवा येतो. मूळ डायनामो पूर्ण वेगात २० ॲम्पिअरच्या आसपास देतो आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही. पावसाळी संध्याकाळी हेडलाइट ७ ते ८ ॲम्पिअर, फॅन तेवढाच, शिवाय वायपर, इग्निशन आणि सायन-कुर्ला पट्ट्यात सतत दाबलेले ब्रेकलाइट. हिशेब बसतच नाही, बॅटरी उतरते. मारुती ८००चा अल्टरनेटर ब्रॅकेट बनवून बसतो आणि रोजच्या वापराला मी तोच सुचवेन, शुद्धतावाद्यांनी रागावू नये. मात्र जुनी वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली, असेल तर आधी ती निगेटिव्ह करा, कॉइलच्या वायरी अदलाबदल करा. नाहीतर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. डायनामोच ठेवणार असाल तर उलट ध्रुवासाठी तो फ्लॅश करावा लागतो, म्हणजे बॅटरीचा करंट क्षणभर द्यावा लागतो.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल चालणारे पाइप लावा, दर सर्व्हिसला वास घ्या. मिश्रण पातळ होत असल्याने सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लागतो. शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झालं. हेडला कडक एक्झॉस्ट सीट बसवलेल्या नसतील तर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट दर ३,००० किलोमीटरला तपासा. थंड इंजिनावर ०.२५ मिलिमीटर. फट वारंवार कमी होत असेल तर सीट झिजतेय.

टायर सोपे आहेत, १४५/८० आर १३ कुठेही मिळतात. हवा पुढे २२ पीएसआय, मागे २६. पंपावरचा पोरगा चारी चाकांत ३२ भरतो, त्याला थांबवा. मागे आडवा पाटा आणि स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना कलतंही. पुढे हवा जास्त झाली आणि वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट सुटते. ओल्या फ्लायओव्हरच्या वळणावर हे नको.

खाऱ्या हवेत चासीचे आउटरिगर, म्हणजे बाजूला निघालेले पोकळ हात, आतून सडतात. मे अखेरीस पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स मारा आणि ड्रेनची भोकं मोकळी ठेवा. वरून अंडरकोट फासलेली चकचकीत चासी मला संशयास्पदच वाटते, स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावं. हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी असेल तर गाडी घरीच. फॅन पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवतो आणि ड्रम ब्रेक ओले झाले की काही वेळ ब्रेकच नसतात.

पाने एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं इंचातलं अंतर) घ्या, ७/१६, १/२, ९/१६. अर्ध्या इंचाच्या नटवर १३चा पाना चालवला की कोपरे गेले. सस्पेन्शनचे बरेच भाग ट्रायम्फ स्पिटफायरशी जुळतात, त्यामुळे ब्रिटनहून नवे मागवता येतात. काच, पत्रा आणि चार दारांचे खास भाग मात्र जुन्यातच शोधावे लागतात.

कागदपत्रांत एक खाचखळगा आहे. ५० वर्षांवरील गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घेता येतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण तो घेतला की रोज चालवायची मुभा जाते. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोज न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवून दर ५ वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर भरावा. एजंट व्हीएचा आग्रह धरतात, तो ऐकू नये.