अंतानानारिव्होत तिकीट काढून पाहिलेलं मुलींचं आफ्रोबास्केट

२०२५ च्या सप्टेंबरात रवांडाच्या राजधानीतून, किगालीहून, मैत्रिणीचा फोन आला. नवऱ्याच्या बदलीमुळे ती तिथं गेलीय. गावात सोळा वर्षांखालील मुलींचं आफ्रोबास्केट, म्हणजे आफ्रिका खंडाची बास्केटबॉल स्पर्धा, भरलं होतं. "पोरगी नुकतीच खेळायला लागलीय. दाखवायला नेऊ का? का उगाच दिवस मोडेल?" मी म्हटलं, "ने. आणि दुपारचे सामने चुकवू नकोस." फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथं लिहिते.

आफ्रिकेत नोकरीधंद्यासाठी राहणारी आपली मंडळी बरीच आहेत, आणि ही स्पर्धा फिरती आहे. अठरा वर्षांखालील गट सम वर्षांत: २०१८ ला मापुतो, २०२० ला कैरो, २०२२ ला अंतानानारिव्हो, २०२४ ला प्रिटोरिया. सोळाखालचा गट विषम वर्षांत. तुमच्या गावी आली की जावं का, एवढाच प्रश्न असेल तर माझं उत्तर वर दिलंच आहे. का जावं, ते आता सांगते.

२०२२ ची अठराखालची स्पर्धा आम्ही पाहिली. आम्ही तेव्हा मादागास्करच्या राजधानीत होतो. अंतानानारिव्हो हे नाव फक्त नकाशावर. बोलताना सगळे ताना म्हणतात. नवरा तयार कपड्यांच्या कारखान्यात. लेक सई बारा वर्षांची. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, सोलापूरहून दोन महिन्यांसाठी आले होते. मी स्वतः शाळा-कॉलेज धरून सात वर्षं सोलापुरात बास्केटबॉल खेळले, सिमेंटच्या कोर्टावर. नऊ वाजले की पाय भाजायचे म्हणून सराव सकाळी सहाला. लग्नानंतर बॉल हातात घेतला नव्हता. त्यामुळे मी तटस्थपणे लिहिते आहे असं समजू नका.

ऑगस्टमध्ये तिथं हिवाळा असतो हे पहिल्यांदा येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शहर साडेबाराशे मीटरच्या वर आहे. ऊन गेलं की गारठा. अप्पांची शाल आणि कानटोपी पहिल्याच दिवशी कामी आली. सामने महामासिना भागात होते. खाली अनुसी तळं, वर टेकडीवर राणीचा राजवाडा, आणि मध्ये क्रीडांगणं, बाजार, फळवाले, जुन्या कपड्यांचे ढीग. जुलैत पेट्रोल बरंच महागलं होतं, त्यामुळे टॅक्सीवाल्याशी बसण्याआधी भाव ठरवणं भाग. एकदा आम्ही तो ठरवला नाही आणि परतीला दुप्पट मोजले. त्या जुन्या मलईरंगी रेनोमध्ये मागच्या सीटवर चौघं दाटीवाटीनं बसून घरी गेलो, आणि वाटभर कोणी त्या पैशांबद्दल बोललं नाही. सगळे सामन्याबद्दलच बोलत होते.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीवर बास्केटबॉल पाहताना जे कधीच कळत नाही ते इथं दुसऱ्या रांगेत बसून कळतं: खेळ ऐकू येतो. बुटांची करकर, बॉल रिंगवर आपटल्याचा ठोका, आणि मुलींचं सततचं बोलणं. समोरच्या संघाला शूट करायला चोवीस सेकंद मिळतात; पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या मुली त्यात एक क्षण गप्प बसत नव्हत्या. मला त्यांची बाम्बारा भाषा येत नाही. पण डावीकडून स्क्रीन (वाट अडवणारी खेळाडू) येतेय, मागे एक सुटलीय, बॉलवर जा, हे सगळं मला समजत होतं, कारण कॉलेजात आम्ही हेच मराठीत ओरडायचो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला डिफेन्स म्हणजे पाय हलवणं एवढंच ठाऊक असतं. डिफेन्स तोंडानंही खेळायचा असतो, हे सईला मी दोन वर्षं सांगत होते. त्या दुपारी दहा मिनिटांत तिला ते पटलं.

दुसरी गोष्ट रिबाउंडची, म्हणजे शूट चुकून उसळलेला बॉल पकडण्याची. शूट सुटला की आपल्याकडच्या मुली मान वर करून बॉलकडे बघत राहतात. मालीच्या मुली बॉलकडे बघतच नाहीत. आधी जवळची प्रतिस्पर्धी हेरतात, तिला पाठीवर घेतात, गुडघे वाकवून जागा अडवतात, आणि मग वर बघतात. त्यांचा स्वतःचा शूट चुकला की तर तीन-तीन जणी आत घुसतात. चुकलेला शूट हा त्यांच्यासाठी अर्धा पास असतो. सईनं गणिताची चौकटीची वही आणली होती. तिच्यात ती एकेका मुलीच्या पुढं रिबाउंडच्या उभ्या रेघा मारत बसली. पाचवी रेघ आडवी. पहिल्या अर्ध्यानंतर तिनं बेरीज केली आणि म्हणाली, "आई, यांचे शूट चुकलेत कमी नाही, पण बॉल यांच्याकडंच आहे." हे वाक्य एखाद्या प्रशिक्षकानं तक्त्यावर लिहावं असं आहे.

मालीचा हा दबदबा एका वर्षाचा नव्हता. त्यांच्या मुख्य महिला संघानं २००७ मध्ये डाकारला आफ्रिकेचं विजेतेपद घेतलं आणि पुढच्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिक गाठलं. नामवंत खेळाडू हामशेतू माइगा त्या पिढीची. त्यानंतर तरुण गटात हा देश वर्षानुवर्षं जिंकत आला. २०२१ मध्ये हंगेरीतल्या डेब्रेसेनला एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत माली थेट उपांत्य फेरीत पोचली आणि चौथी आली. त्यातल्या सिका कोनेला पुढच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क लिबर्टी संघानं डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत घेतलं. आम्ही महामासिनाला गेलो ते त्यानंतर चारच महिन्यांनी. म्हणजे समोर पळणाऱ्या पोरींच्या डोळ्यांपुढं ती वाट अगदी ताजी होती.

इथं एक जड गोष्ट लिहायलाच हवी, कारण मुलीला घेऊन जाणारी मी एक आई आहे. जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेनं मालीच्या बास्केटबॉलमधल्या किशोरवयीन मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी जगापुढं आणल्या. डेब्रेसेनचा पराक्रम त्याच उन्हाळ्यातला. हे मला सामन्याआधीच माहीत होतं आणि पाहताना ते डोक्यातून जात नव्हतं. प्रत्येक टाइमआउटला मी खेळाडूंपेक्षा बेंचकडे जास्त बघत होते: मुलींशी कोण कसं बोलतंय, खांद्यावर हात ठेवणारं माणूस कोण, संघाबरोबर बाई किती. सईला त्या रात्री मी हे सगळं तिच्या वयाला झेपेल असं सांगितलं. खेळ आवडतो म्हणून त्याची ही बाजू झाकायची, असं आमच्या घरात चालणार नाही. तुम्हीही मुलींना नेणार असाल तर हे बोलणं टाळू नका.

इजिप्तचा खेळ वेगळा. धावपळ कमी, पास जास्त, जागा नेमक्या. त्यांच्यात जना अल-अल्फी होती, सहा फूट पाच इंच. एवढ्या उंचीची मुलगी बास्केटखाली उभी राहून हात वर करते आणि बॉल मागते, असं मला वाटलेलं. ही मात्र बास्केटपासून वर, फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी येऊन बॉल घ्यायची, दोन्ही बाजूंनी बास्केटकडे धावणाऱ्या मुलींची वाट बघायची आणि बरोबर वेळेवर पास सोडायची. अप्पांना बास्केटबॉलचा नियम एक माहीत नाही. तेही म्हणाले, "ही पोरगी घाई करत नाही बघ." पुढच्या वर्षी जुलैत माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत तिच्या टाचेमागची अकिलीस शीर तुटल्याची बातमी वाचली तेव्हा आमच्या घरी जेवण गोड लागलं नाही. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाचा तिचा पहिला हंगाम पूर्ण बुडाला. आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच विद्यापीठानं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं तेव्हा ती संघात होती. सईनं पहाटे उठवून मला ते दाखवलं. टीव्हीवर दिसणाऱ्या मुलीला आपण पंधरा फुटांवरून घाम पुसताना पाहिलंय, हे सुख या स्पर्धेच्या तिकिटात मिळतं. त्या तिकिटाला आम्हाला टॅक्सीपेक्षाही कमी पैसे लागले.

कोणता सामना निवडायचा? माझा सल्ला: एकच जमणार असेल तर उपांत्य फेरीचा. अंतिम फेरी गाठणाऱ्या दोन्ही संघांना पुढच्या वर्षीच्या एकोणीसखालच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळते. त्यामुळे खरी जीवघेणी झुंज उपांत्य सामन्यात असते. तिथं हरलं की वर्षभराचं स्वप्न तिथंच संपतं. सतरा वर्षांच्या मुली जर्सीत तोंड खुपसून रडताना पाहणं सोपं नाही. अंतिम सामना माली आणि इजिप्तचा झाला, माली जिंकली, आणि दोघी माद्रिदला गेल्या. अंतिम सामना छान असतो, पण दोन्हीकडच्या मुलींच्या खिशात तोवर माद्रिद आलेलं असतं.

उणीव म्हणाल तर साखळीतले सामने. काही फारच एकतर्फी होतात. चार भागांपैकी तिसऱ्यातच गुणांचा फरक इतका वाढतो की हरणाऱ्या संघाच्या मुलींकडे बघवत नाही. या खंडात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बारा मुली आणि प्रशिक्षक विमानानं नेणं हे गरीब देशाच्या संघटनेला झेपत नाही. जे येतात त्यांतल्या सगळ्यांना सारखा सराव मिळालेला नसतो. तरी अशा सामन्यातही एक बघा: चाळीस गुणांनी मागे असताना शेवटच्या मिनिटाला सुटलेल्या बॉलवर कोण झेप घेते. आम्ही प्रत्येक सामन्यात अशी एक मुलगी शोधायचो, आणि ती सापडायचीच.

दुसरी उणीव खेळाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. त्याच दिवसांत मुलांचीही स्पर्धा होती आणि मादागास्करची मुलं अंतिम फेरीपर्यंत गेली. शहर वेडं झालं. तिथं राष्ट्रीय बास्केटबॉल संघाला आंकुआय म्हणतात. मादागास्करचा मत्स्यगरुड तो. "आलेफा आंकुआय!" (चला, आंकुआय!) या आरोळीनं छप्पर दणाणायचं, आणि आमच्या अप्पांनीही दोन दिवसांत ती आरोळी शिकून घेतली. पण मुलींच्या दुपारच्या सामन्यांना आमच्या रांगेत आम्ही चौघं, शाळेच्या गणवेशातल्या काही मुली आणि दोन आज्या. यजमान मुलींना तीच आरोळी हवी होती. आज्यांपैकी एकीनं ती एकटीनं दिली, खणखणीत आवाजात, आणि मैदानातल्या दोघी-तिघींनी मान वळवून वर पाहिलं. मग सई उठली, मी उठले. दुपारचे सामने चुकवू नकोस असं मी मैत्रिणीला सांगितलं ते याचसाठी.

खाण्याचं सांगते. आम्ही शाकाहारी, तरी उपाशी राहिलो नाही. बाहेर हातगाड्यांवर मुफु गासी मिळतं, तांदळाच्या पिठाचं, किंचित गोड, आणि ते भाजायचं भांडं पाहून मी हसले: हुबेहूब आपलं आप्पेपात्र. पण ते सकाळचं खाणं, दुपारी संपलेलं असतं. मुफु आनाना म्हणजे पालेभाजीची भजी. कुबा म्हणजे शेंगदाणे, केळं आणि तांदळाचं पीठ केळीच्या पानात गुंडाळून तासन्‌तास शिजवलेलं; काप करून देतात आणि सोलापूरच्या माणसाला शेंगदाणा दिसला की बाकी काही लागत नाही. सांबोस मात्र विचारून घ्या. समोशाचाच भाऊ, गुजरातेतून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या मुलुखातला, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. एका गाडीवर "मांस नाही" असं सांगून दिलेलं तिसरंच निघालं. अप्पांनी काही न बोलता कागदात गुंडाळून ठेवलं.

वेळापत्रक फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, स्पर्धेच्या अधिकृत पानावरच बघा. मी कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या एका पोस्टवर विश्वास ठेवला आणि एका सामन्याचे पहिले दोन भाग हुकले. त्याच पानावर सामना चालू असताना प्रत्येकीचे गुण, रिबाउंड, फाउल दिसत राहतात; जाणकार नसाल तर फोनवर ते उघडं ठेवा, कुणाकडे बघायचं ते कळतं. बास्केटच्या मागं बसू नका, मैदानाच्या मधल्या रेषेजवळ, संघांच्या बेंचसमोर बसा. अर्धा तास आधी पोचा, कारण सराव बघणं हा निम्मा सामना आहे. लहान मुलीला नेणार असाल तर वही-पेन्सिल द्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एकतर्फी सामन्यांसाठी.

सई आता पंधरा वर्षांची आहे, फॉरवर्ड खेळते, आणि शूट सुटला की बॉलकडे बघत नाही. ती चौकटीची वही तिनं किगालीच्या मैत्रिणीच्या लेकीला द्यायला काढून ठेवलीय. मागची तीसेक पानं अजून कोरी आहेत.