डॉमिनिका की साबा?

कॅरिबियन समुद्रातली ही दोन्ही बेटं ज्वालामुखीतून वर आलेली, दोन्ही उभ्या चढाची. पांढऱ्या वाळूच्या आशेनं जाणारा दोन्हीकडे हिरमुसतो: डॉमिनिकाची वाळू बहुतेक काळी आणि साबाला बारमाही वाळूचा किनाराच नाही. त्यामुळे ठरवायचं ते हातात किती दिवस आहेत आणि गुडघे काय म्हणतात यावरून.

साबा जेमतेम 13 चौरस किलोमीटरचं, वस्ती सुमारे 2,000. तीन-चार दिवस पुरतात. शेजारच्या सिंट मार्टेन बेटाहून विमान पंधरा मिनिटांत पोचतं, पण धावपट्टी फक्त 400 मीटरची. वारा आडवा आला की उड्डाण रद्द. म्हणून परतीचं लांबचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. सिंट मार्टेनला एक रात्र हाताशी ठेवा. विमान छोटं असल्यानं सामानाची मर्यादाही कडक असते.

इथला डोंगर माउंट सीनरी 887 मीटर, वाटेवर 1,064 पायऱ्या. चढायला साधारण दीड तास. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि उतरतानाच पाय सटकतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. दुपारकडे माथा बहुधा ढगात जातो, म्हणून सकाळी निघा. साबाचं खरं वैभव पाण्याखाली आहे. 1987 पासून भोवतालचा समुद्र संरक्षित आहे. मात्र क्रम चुकवू नका: आधी डोंगर, मग डायव्हिंग. डायव्हिंग करून लगेच उंचावर चढलं, की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. विमानाआधीही किमान 18 तास जाऊ द्या. संस्कृती म्हणाल तर हाताने केलेली साबा लेस, साबा स्पाइस ही मसालेदार रम आणि लाल छपरांची नीटनेटकी गावं. गोड आहे, पण दोन संध्याकाळींत पाहून होतं.

डॉमिनिकाचं तसं नाही. सुमारे 750 चौरस किलोमीटर, त्यात डोंगर इतके की नकाशावरचं अंतर फसवतं. आठवडा तरी हवा. पूर्व किनाऱ्यावर 1903 पासून 3,700 एकरांचा कालिनागो या मूळ रहिवाशांचा प्रदेश आहे. जमीन सामाईक, प्रमुख निवडून येतो. लारूमा या बोरूसारख्या वनस्पतीच्या पट्ट्यांची टोपली थेट विणणाऱ्याकडून घ्या. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कसाव्याची तव्यावरची भाकरी इथे मिळते. कॅलालू म्हणजे अळूच्या जातीच्या पानांचं सूप. शाकाहारी असाल तर आत खेकडा किंवा मांस आहे का हे आधी विचारा. नीरफणस पाहून कोकणी माणूस खूश होईल. ‘माउंटन चिकन’ मात्र कोंबडी नव्हे, नामशेष होत चाललेला बेडूक. मागूच नका.

बॉइलिंग लेक या उकळत्या तळ्याची वाट टिटू गॉर्ज या घळीपासून सुरू होते. जाऊन-येऊन सहा ते आठ तास, सकाळी आठच्या आत निघावं आणि वाटाड्या घ्यावाच. वाटेतल्या व्हॅली ऑफ डेसोलेशन या वाफाळत्या दरीत जमिनीचं कवच काही ठिकाणी पातळ आहे. पाय खचला तर खाली उकळतं पाणी. चांदीचे दागिने गंधकाच्या वाफेनं काळे पडतात, ते खोलीवर ठेवा. आदल्या रात्री धो-धो पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला, ओढे चढलेले असतात. एवढा चढ झेपणार नसेल तर स्पर्म व्हेल पाहायला बोटीनं जा. ते वर्षभर असतात.

जाण्यासाठी दोन्हीकडे फेब्रुवारी ते एप्रिल बरा. जून ते नोव्हेंबर वादळांचा; सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळानं डॉमिनिकाची दैना केली होती. साबाला अमेरिकन डॉलर चालतो. डॉमिनिकाचा पूर्व कॅरिबियन डॉलर त्याला 2.70 या दरानं बांधलेला आहे. दर आणि सुटे पैसे कोणत्या चलनात, हे आधी विचारा.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड ‘डीओएम’ आहे ना, ते बघा. डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळाच देश आहे. व्हिसाचे नियमही दोन्हीकडचे वेगळे: साबाला नेदरलँड्सच्या कॅरिबियन भागाचे लागू होतात. शिवाय वाटेत ज्या देशात विमान बदलणार, तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकिटाआधीच तपासा.

डायव्हर असाल आणि चारच दिवस असतील तर साबा. बाकीच्यांनी डॉमिनिका घ्यावी, आणि बॅगेत रेनकोट.