मराठी विकिपीडिया: इथं नुसतं 'सुप्रसिद्ध' चालत नाही

साताऱ्यात राजवाड्याजवळ राहतो, त्यामुळे कंदी पेढ्यावर लिहिताना हात जरा सैल सुटला: 'जगात सर्वांत लोकप्रिय'. दोन दिवसांत त्या वाक्याशेजारी 'संदर्भ हवा', म्हणजे पुरावा द्या, अशी खूण चिकटली. राग आला. आमच्या पेढ्याला पुरावा? लेखाच्या चर्चा पानावर एकानं विचारलं, "कोण म्हणतं, कुठं छापलंय?" मी गप्प. (बायको म्हणाली, सांगलीकरांना विचारा की!) सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाक्य मात्र टिकतं, कारण ते तपासता येतं. २००३ पासूनची मराठी विकिपीडियाची ही फुकट सेवा मला पटली. तरी गावांच्या लेखांत 'प्रसिद्ध' अजून पोत्यानं सापडतं. माझं वाक्य मीच बदललं: खवा तपकिरी होईपर्यंत भाजून केलेला पेढा.