केपचा नकाशा की जमिनीलगतचा? वादळ नेमकं कुठे उठेल हे बघताना

गडगडाटी वादळाचा अंदाज स्वतः बांधायला बसणारा नवखा माणूस बहुतेक वेळा आधी केपचा (CAPE), म्हणजे वादळाला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचा, नकाशा उघडतो. तो दिसतोच तसा. लाल-जांभळे डाग पाहिले की आज इथे काहीतरी होणार, अशी खात्रीच पटते. माझं मत विचाराल, तर 'कुठे' हा प्रश्न असताना हा नकाशा दुसऱ्या नंबरवर ठेवावा. पहिला मान जमिनीलगतच्या कंटाळवाण्या नकाशाचा.

केप म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा, किलोग्रॅममागे ज्यूलमध्ये मोजलेली. 1,000 च्या आत असेल तर जेमतेम, 2,500 च्या वर गेली तर दांडगी. केप 2,000 असेल तर वर जाणाऱ्या झोताचा वेग कागदावर सेकंदाला सुमारे 63 मीटर निघतो. प्रत्यक्षात बाहेरची कोरडी हवा ढगात मिसळते, पाण्याचं ओझं असतं, त्यामुळे साधारण निम्मा धरावा. म्हणजे वादळ झालं तर किती जोराचं, हे केप चांगलं सांगते. पण मुळात हवा वर ढकलणार कोण? ते तिथे लिहिलेलं नसतं. जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर उबदार हवेचं झाकण घट्ट बसलं असेल, तर 3,000 च्या लाल पट्ट्यातही दिवसभर आकाश निरभ्र राहू शकतं. म्हणून केप बघायचीच असेल तर शेजारी सिनचा (CIN), म्हणजे हवेला वर जाण्यापासून अडवणाऱ्या ऊर्जेचा, नकाशा उघडा. झाकण किती घट्ट आहे ते तिथे कळतं.

जमिनीलगतच्या नकाशावर समदाब रेषा, वाऱ्याचे बाण, तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव बनू लागतं ते; जितका जास्त तितकी हवा दमट) एवढंच असतं. त्यात शोधायच्या त्या रेषा. एका बाजूने दमट वारा येतोय, दुसऱ्या बाजूने कोरडा, आणि दोघे जिथे भिडतात तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट नसते. थोड्याच अंतरात दवबिंदू 20 अंशांवरून 8 वर उतरला, तर तिथे पेन्सिलने रेघ मारा. थंड हवेची आघाडी, समुद्रावरून आत सरकणाऱ्या वाऱ्याची कड, कालच्या वादळाने मागे सोडलेल्या गार हवेची सीमा, ही सगळी त्याच कुळातली. अशा दोन रेषा एकमेकींना छेदत असतील, तर माझा पहिला संशय त्या चौकावर.

या नकाशाच्या खोडीही आहेत. निरीक्षण केंद्रं दूरदूर असतात, त्यामुळे बारीक सीमा मधल्या मोकळ्या जागेत हरवते. डोंगराळ भागात दाब समुद्रसपाटीला आणताना गडबड होते, तिथे समदाब रेषांपेक्षा वारा आणि दवबिंदूवर भिस्त ठेवावी. आणि हा नकाशा आत्ताचा असतो. रेषा संध्याकाळपर्यंत कुठे सरकेल हे आपल्यालाच ताडावं लागतं.

वरच्या हवेचे नकाशे दोन-तीन दिवस आधी कामाचे. 500 हेक्टोपास्कलचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीचा नकाशा घ्या आणि द्रोणीच्या, म्हणजे कमी दाबाच्या लांबट पट्ट्याच्या, पुढची बाजू पाहा. तिथे हवेला वर यायला मदत मिळते. मध्य अक्षांशांत हे छान चालतं, विषुववृत्ताकडे या नकाशातले फरक इतके सौम्य होतात की फारसं हाती लागत नाही. शिअरचा, म्हणजे उंचीबरोबर वारा किती बदलतो त्याचा, नकाशा 'कुठे' सांगत नाही, 'कसं' सांगतो: खालच्या सहा किलोमीटरांत वाऱ्याचा फरक सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असेल तर वादळ संघटित होऊन तासन्‌तास टिकू शकतं, शिअर नसेल तर सुटा ढग तासाभरात विरतो.

संगणकाने आधीच रंगवलेलं रडारचं चित्र सगळ्यात मोहक, म्हणून सगळ्यात जपून वापरायचं. तीन किलोमीटर जाळीचं मॉडेल एकेक ढग दाखवतं, पण पुढच्या फेरीत, म्हणजे मॉडेल ताज्या माहितीवर पुन्हा चालवलं की, तोच ढग शंभर किलोमीटर सरकलेला सापडू शकतो. ठिपक्यावर जाऊ नका. तीन-चार फेऱ्यांमध्ये तोच पट्टा पुन्हा येतो का, एवढं बघा.

त्या दिवशी दुपारी मात्र हे सगळं बाजूला ठेवून उपग्रहाचं दृश्य प्रकाशातलं चित्र लावा. रडारला ढगात पावसाचे थेंब तयार झाल्यावरच काही दिसतं, उपग्रहाला त्याआधीच कापसासारख्या ढगांची रांग दिसते. ती सकाळी मारलेल्या रेघेवर उभी राहिली आणि त्यातल्या एखाद्याने शेजाऱ्यांच्या वर डोकं काढलं, की रडार उघडा.