कोपराला बांधायचा गोल्फ-पट्टा: टक् वाजणारा घ्या, ताठ धरणारा नको

ऑनलाइन दुकानात ‘गोल्फ स्विंग ट्रेनर’ शोधलं की कोपराला बांधायच्या पट्ट्यांची रांग लागते. नावं निरनिराळी, रंग निरनिराळे, पण आतलं सामान पाहिलं तर जाती दोनच. पहिली ताठ जात: निओप्रीनची (रबरासारख्या कापडाची) बाही, तिच्या शिवणीत सरकवलेल्या प्लास्टिकच्या सपाट पट्ट्या, वर-खाली वेल्क्रो. हात वाकूच द्यायचा नाही, हे तिचं तत्त्व. दुसरी जात बोलकी: दंडावर एक कफ, कोपराखाली एक कफ, मध्ये बिजागरी. कोपर ठरावीक कोनापलीकडे वाकलं की ‘टक्’ असा आवाज येतो. हात अडवला जात नाही, चहाडी मात्र केली जाते. दोन्ही पट्ट्या एकच वचन देतात: बॅकस्विंगमध्ये (फटक्याआधी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे-वर नेताना) पुढचा हात, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात, सरळ राहील. वचन पाळण्याची रीत इतकी वेगळी आहे की दोघींना एकाच तागडीत तोलता येत नाही.

हात सरळ ठेवण्याचा एवढा आग्रह का, हे आकड्यांत पाहिलं की पटतं. डावा हात ही स्विंगच्या वर्तुळाची त्रिज्या. दंड ३० सेंटीमीटर आणि कोपर ते मनगट २७ सेंटीमीटर धरलं, तर सरळ हाताची लांबी ५७ भरते. कोपर १५ अंश वाकलं तर अर्धाच सेंटीमीटर कमी होतो. त्याने काही बिघडत नाही. ३० अंशांना दोन सेंटीमीटर जातात, ६० अंशांना साडेसात. गोल्फ बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे बॉलचा मध्य जमिनीपासून जेमतेम दोन सेंटीमीटरवर. वर वाकलेलं कोपर खाली येताना ३० अंशांवरच अडकून राहिलं, तर क्लबची खालची कड थेट बॉलच्या पोटावर बसते आणि बॉल गवतात लोळत जातो. तो वाक वेळेत उघडायला डाउनस्विंगमध्ये (क्लब बॉलकडे खाली आणताना) मिळतो साधारण पाव सेकंद. घाईत जास्त उघडला की क्लब बॉलच्या आधी जमिनीत रुततो. एकाच खेळाडूचा एक फटका ‘टॉप’ (बॉल लोळवणारा) आणि पुढचा ‘फॅट’ (आधी जमिनीत रुतणारा), याचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

म्हणजे ‘सरळ’चा अर्थ कुलूप लावल्यासारखा ताठ असा नाही. १० ते १५ अंशांचा सैल वाक चालतो, उलट तोच बरा. ताठ पट्टीचं गणित नेमकं इथेच चुकतं.

ती बांधली की कोपर सरळ राहतं, यात वाद नाही. पण कोपर वाकत होतं ते कोपराच्या दोषाने नव्हे. खांदे वळायचे थांबतात आणि हात क्लब घेऊन पुढे जात राहतात. जागा उरत नाही म्हणून कोपर मोडतं. आता कोपराची वाट बंद झाल्यावर शरीर दुसरी पळवाट काढतं: डावा खांदा कानाकडे चढतो, धड उजवीकडे सरकतं किंवा कमरेतला वाक सुटून छाती वर येते. टॉप फटके चालूच राहतात, फक्त कारण बदलतं. शिवाय पूर्ण ताठ हाताबरोबर पुढचा बाहू (कोपर ते मनगट) आवळला जातो, मनगटाचा वाक उशिरा येतो आणि क्लबचा वेग पडतो.

दुसरी अडचण बॉल लागल्यानंतरची. फॉलो-थ्रूमध्ये डावं कोपर दुमडलंच पाहिजे. ताठ पट्टी तिथेही आडवी येते. पूर्ण वेगाच्या फटक्यात तो ताण कोपराच्या बाहेरच्या बाजूला जातो, आणि गोल्फरांना डाव्या हाताचं टेनिस एल्बो होतं ते त्याच जागी. ताठ पट्टी वापरायचीच असेल तर कमरेपासून कमरेपर्यंतच्या छोट्या, हलक्या फटक्यापुरती (पिच) ठेवा. चेंबूरच्या दमट हवेत निओप्रीन दहा मिनिटांत घामाने निथळून मनगटाकडे घसरू लागतं, हे वेगळंच.

बोलकी पट्टी घेण्याजोगी आहे, पण बांधायला चुकलं तर तीही खेळणंच. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. बिजागरीचा खिळा बरोबर त्यावर यायला हवा. दोन बोटं वर सरकला तरी कोन चुकीचा मोजला जातो. वरचा कफ घट्ट आणि खालचा एक बोट आत जाईल इतका सैल ठेवा, कारण बॅकस्विंगमध्ये पुढचा बाहू स्वतःभोवती फिरतो; खालचा कफ आवळला तर बिजागरी पिळते आणि विनाकारण टकटक सुरू होते. आरशासमोर उभं राहून कोपर सावकाश वाकवा. आवाज २५ ते ३० अंशांच्या दरम्यान यावा. नुसतं बॉलसमोर उभं राहिल्यावरच वाजलं तर पट्टी अति हळवी लागली आहे. काही नमुन्यांना कोन ठरवायची चकती असते, काहींना नसते. नसलेल्यात खालचा कफ थोडा खाली-वर करून जुळवाजुळव करावी लागते, आणि ती दर वेळी तितकीच साधत नाही. चकतीवाला नमुना घ्या.

या वस्तूचा खरा उपयोग आवाज आला की नाही यात नाही, कधी आला यात आहे. खोक्यातल्या चिठ्ठीवर हे छापलेलं नसतं.

हात कमरेपर्यंत पोचायच्या आत वाजलं तर उजवा हात क्लब ओढतोय. उजवं कोपर लवकर दुमडून डाव्याला सोबत घेऊन जातं. क्रिकेटवरून गोल्फकडे आलेल्यांत हे फार दिसतं. बॅट उचलताना पुढचं कोपर वाकतं आणि तिथे ते बरोबरही असतं. ती सवय इथे नडते. उपाय: उजव्या हाताची पकड सैल करा आणि पहिला हातभर प्रवास छातीने होऊ द्या.

हात खांद्याच्या उंचीवर गेल्यावर वाजलं, आणि बहुतेकांचं इथेच वाजतं, तर खांद्यांचं वळण संपलंय आणि बॅकस्विंग अजून चालू आहे. दोनच इलाज. एक, तिथेच थांबा. पाऊण स्विंगने अंतर वाटतं तितकं घटत नाही. दुसरा, वळण वाढवा: उजवा नितंब मागे जाऊ द्या, डावा गुडघा आत येऊ द्या, लागलीच तर डावी टाच उचला. दिग्गज गोल्फर जॅक निकलॉस आयुष्यभर उचलत होता. ‘कंबर हलवू नका’ हा सल्ला लवचीक पोरांसाठी ठीक; पन्नाशीच्या माणसाने तो पाळला की कोपर मोडणारच. आपलं वळण किती आहे ते खुर्चीवर बसून, छातीवर क्लब आडवा धरून पाहा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आसपासही वळता येत नसेल, तर आधी पाठीचे व्यायाम, मग पट्टी.

अगदी वर, दिशा बदलताना वाजलं तर क्लबचा झोक हात वाकवतोय. वरती क्षणभर थांबून खाली या.

बॉल लागल्यानंतर वाजलं तर वाजू द्या, तिथे ते वाजायलाच हवं. मात्र बॉल सुटता सुटताच, हात मांडीसमोर असताना वाजलं, तर छाती वळायची थांबली आहे आणि कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर निघतंय. हा दोष बॅकस्विंगचा नाही.

सरावाचं प्रमाण: आधी बॉलविना दहा सावकाश स्विंग, मग नऊ नंबरच्या आयर्नने (आखूड पल्ल्याच्या क्लबने) पाऊण स्विंगचे पंधरा-वीस बॉल. दर पाच बॉलनंतर पट्टी काढून दोन मारा. अंगावर पट्टी असेपर्यंत सरळ आणि काढली की वाकडा, असा हात तयार होऊ नये म्हणून हे. ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) पट्टी बांधून मारू नका. वेग जास्त असल्याने बिजागरी सरकते आणि आवाजाचा भरवसा राहत नाही.

पट्टीला पर्याय म्हणून मार्टिन चक यांचा टूर स्ट्रायकर स्मार्ट बॉल आहे. दोरीने गळ्यात अडकवून दोन्ही बाहूंमध्ये धरायचा हवेचा चेंडू. कोपरं बाहेर पसरली की तो सुटतो. हात आणि छाती एकत्र फिरण्यासाठी तो पट्टीपेक्षा सरस, कारण दोन्ही हातांकडे एकदम पाहतो. फक्त डाव्या कोपराचा वाक पकडण्यात कच्चा. खेळण्याच्या दुकानातला लहान चेंडू निम्मी हवा काढून धरला तरी काम बरंच भागतं. एक पैसाही न खर्चता करायचं असेल तर क्लब न घेता पवित्रा घ्या, उजव्या हाताचा तळवा डाव्याच्या अंगठ्यावर टेकवून डावा हात हलकेच लांब ढकला आणि तसंच वळा. जिथे ढकलणं थांबतं, तिथे तुमचा बॅकस्विंग संपतो.

पट्टी रेंजवरच (सरावाच्या मैदानावर) ठेवा. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे फेरीत सरावाची अशी साधनं वापरता येत नाहीत, नुसत्या मोकळ्या स्विंगसाठीसुद्धा. पहिल्या वेळी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड, पुन्हा घडलं तर बाद. पूर्वी हे आणखी कडक होतं: २०१० मध्ये ओरेगॉनच्या सेफवे क्लासिक स्पर्धेत गोल्फर ज्युली इंकस्टर खोळंबलेल्या वेळेत क्लबला वजनाचं कडं लावून हात मोकळे करत होती, तेवढ्यावर ती थेट बाद झाली.

ज्यांचं कोपर मुळात सरळ होतच नाही, जुनं फ्रॅक्चर किंवा संधिवात असलेल्यांनी, दोन्ही पट्ट्या घेऊ नयेत. गोल्फर कॅल्विन पीटचं डावं कोपर लहानपणी झाडावरून पडून मोडलं आणि पुन्हा कधी सरळ झालं नाही. तरी १९८१ ते १९९० सलग दहा वर्षं पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) ड्रायव्हिंगच्या, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या, अचूकतेत तोच पहिला होता. एड फर्गोलने तसल्याच डाव्या हाताने १९५४ ची यूएस ओपन जिंकली. त्यांचा वाक वर-खाली सारखाच राहायचा, त्यामुळे त्रिज्या आखूड असली तरी बदलत नव्हती.

विकत घेताना माप दंडाचं घ्या, कोपराच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप लावून. ‘सर्वांना बसते’ असं लिहिलेली पट्टी बारीक हातावर फिरते. डावखुऱ्यांनी उजव्या हाताला बांधायची, तेव्हा बिजागरी उलटवून बाहेरच्या बाजूला येते का हे आधी विचारून घ्या. धुताना वेल्क्रो एकमेकांना चिकटवूनच धुवा, नाहीतर त्यात धागे अडकून महिन्याभरात पकड जाते.