एका सकाळी दोन चर्च: फोर्ट ते कुलाबा वारसा फेरी

फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल आणि कुलाब्याचे अफगाण चर्च एकाच सकाळी दाखवणारी ही वारसा फेरी मला मनापासून आवडली. १७१८ साली खुल्या झालेल्या कॅथेड्रलच्या भिंतींवरील संगमरवरी स्मृतिशिल्पे न्याहाळून, १८५८ च्या अफगाण चर्चमधील निमुळत्या गॉथिक कमानींखाली उभे राहिले, की नजर आपोआप वर का जाते, हे मार्गदर्शकांनी आधी अनुभवू दिले आणि मग समजावले. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तूत रंगीत काचांतून फरशीवर उतरलेल्या निळसर, तांबूस प्रकाशावरून माझी नजर हटेना. मात्र तेथे जेमतेम २० मिनिटे मिळाली, ती दुप्पट हवीत. मराठी माहितीपत्रकही असते, तर आईसाठी घरी आणले असते.